एका बाणासाठी चार सह्या

माझ्या टेबलासमोर भिंतीवर एक ड्रॉइंग टाचलेलं आहे. चाळीस मिलिमीटरचा चौकोन, जाडी दीड मिलिमीटर, वरच्या कडेला मधोमध एक छोटी खाच, आणि चौकोनाच्या पोटात एक बाण. तो बाण काढायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. पण ते अर्धं मिनिट उजाडायला नऊ वर्षं गेली, आणि त्या नऊ वर्षांत माझ्या भावोजींना इतक्या वेळा तोंड वेंगाडावं लागलं, की अजूनही त्या बाणाकडे नजर गेली की माझ्या मस्तकात तिडीक जाते.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आम्ही दोघं एकाच कारखान्यात. कारखाना कसला, पत्र्याच्या दोन शेड आणि मध्ये ऑफिस. रबराचे वायसर, गॅस्केट, पट्ट्या आणि चुंबकाच्या लवचिक शीटमधून कापलेले तुकडे, हा आमचा माल. कोणाच्या मशीनला कसला आकार लागेल याचा नेम नाही. गिऱ्हाईक ड्रॉइंग पाठवतं, किंवा कागदाच्या चिठोऱ्यावर काहीतरी वेडंवाकडं काढून आणतं, मी त्याचं नीट ड्रॉइंग करतो आणि भावोजी प्रेसवर तो आकार कापतात. मला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. मी वर्षभर घरी बसून ताईचं डोकं खात होतो, तेव्हा त्यांनी मालकांकडे माझ्यासाठी शब्द टाकला होता. अशा माणसाचं काम माझ्याच टेबलावर अडून राहावं, याची लाज मला किती वाटली ते आता सांगून काय उपयोग?

ते स्वतः इथे आले ते रोलरवर. दोन लोखंडी रुळांमध्ये रबर घालायचं, त्यात काळी पूड ओतायची आणि दोन्ही एकजीव होईपर्यंत मळत राहायचं. ती पूड नाकात, कानात, नखांत. ताई सांगते, की घरी येऊन दोनदा अंघोळ केली तरी सकाळी उशीच्या अभ्र्यावर त्यांच्या डोक्याची काळी आकृती उमटलेली असायची. "यांना धुऊन दोरीवर वाळत घालायचं तेवढं बाकी ठेवलंय मी," असं ती म्हणायची. मग ते प्रेसवर आले आणि पुढची बावीस वर्षं त्यांनी ती जागा सोडली नाही. बाकी कशाचा त्यांना मोह नव्हता. मुकादम व्हा म्हटलं तर नको म्हणाले. प्रेस मात्र त्यांची. सकाळी आल्यावर तिच्या पाटावरून फडकं फिरवल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचे नाहीत.

आता चुंबकाच्या शीटचं सांगतो, कारण सगळं घोडं तिथेच अडलं. ही शीट दिसायला साध्या काळ्या रबरासारखी. वाकवा, गुंडाळा, कात्रीने कापा. पण तिच्यातलं चुंबकत्व रेघी वहीसारखं ओळीओळीने भरलेलं असतं. डोळ्यांना त्यातलं काही दिसत नाही. आमचे हे चौकोनी तुकडे औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या एका मशीनला लागतात. एक झाकणावर, एक चौकटीवर, दोन्हींची खाच वर. दोघांच्या रेघा उभ्या असल्या तर झाकण घट्ट बसतं. एकाच्या उभ्या आणि दुसऱ्याच्या आडव्या झाल्या, तर ते एकमेकांना ओळखसुद्धा दाखवत नाहीत. झाकण सरळ खाली.

शीट रोलमध्ये येते तेव्हा रेघा कुठल्या दिशेला आहेत ते ठरलेलं असतं. पण प्रेसचा पाट लहान, म्हणून मागच्या शेडमध्ये रोलचे सहाशे बाय सहाशेचे चौरस पाडतात आणि थप्पी लावून पुढे पाठवतात. मध्येच कोणी एक शीट उचलली आणि फिरवून ठेवली, की संपलं. चौरसाला कुठलं आलंय उभं नि आडवं! ड्रॉइंगवर बाण असता, तर मागच्या शेडमध्ये प्रत्येक शीटवर दिशेची खूण करणं भाग पडलं असतं. ड्रॉइंगवर नाही, म्हणून खूण नाही. विचारायला गेलं की मागच्या शेडचे लोक कानावर हात ठेवत.

म्हणून भावोजींनी स्वतःचा उपाय काढला होता. दोऱ्याला बांधलेला अंगठ्याएवढा चुंबकाचा तुकडा त्यांच्या खिशात कायम असायचा. तो ते शीटवर ठेवून बोटाने सरकवत. रेघांच्या दिशेने तो अलगद जातो, रेघांच्या आडवा नेला की कर्र-कर्र अडखळतो. ते अडखळणं इतकं बारीक, की पहिल्यांदा हात लावणाऱ्याला सांगावं लागतं. भावोजींना मात्र शीटला बोट लागेपर्यंत कळलेलं असायचं. मग ते पाठीमागे खडूने बाण काढत आणि शीट प्रेसखाली सारत. दिवसाला दोन-अडीचशे शीट, प्रत्येकीला हा सोपस्कार. त्यावरून लोक त्यांना बाणमास्तर म्हणू लागले.

"ते ड्रॉइंगवर तेवढा एक बाण टाक ना," हे त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी हसून हो म्हटलं होतं. मला वाटलं, पेन्सिल उचलायची आणि काढायचा. पण ड्रॉइंगमध्ये ठिपकाही वाढवायचा तर चार सह्या लागतात. माझी, कटिंगची, मॅनेजरची आणि गिऱ्हाइकाची. पहिल्या दोन घरातल्याच होत्या. तिसरीपाशी गाडी रुतली.

आमच्या मॅनेजरचं पाळण्यातलं नाव काही का असेना, कारखान्यात त्यांना बघूसाहेब म्हणतात. पंखा बिघडला, बघू. नळ गळतो, बघू. बाणाचं ऐकून ते आधी म्हणाले, "बघू." सहा महिन्यांनी म्हणाले, "अरे, हे मूळ ड्रॉइंग गिऱ्हाइकाचं. आपण बाण घातला तर ते विचारतील, मग इतके दिवस कसं कापत होतात?"

"बरोबर कापत होतो," मी म्हटलं. "मास्तर हाताने तपासतात."

"मग झालं तर! मास्तर आहेत ना!"

हे उत्तर पुढे आठ वर्षं चाललं. मास्तर आहेत ना. माणूस इतका चोख, की त्याच्यामुळे कोणाचं काही बिघडत नव्हतं, आणि बिघडत नव्हतं म्हणून कोणी काही करत नव्हतं. एकदा कुठूनशी एक हिरवट फिल्म विकत आणली गेली. ती शीटवर ठेवली की चुंबकाच्या रेघा डोळ्यांना स्वच्छ दिसतात. भावोजी लहान मुलासारखे हरखले. पण ती फिल्म बघूसाहेबांच्या कपाटात गेली आणि कुलूप लागलं. पाहुणे आले की ती बाहेर निघते, पाहुणे वा वा म्हणतात, ती परत आत जाते.

गेल्या वर्षी मी ताईकडे गेलो होतो. भावोजी बाहेर निघायच्या तयारीत होते आणि ताई त्यांच्या शर्टाची बटणं लावून देत होती. मी थट्टा केली, "काय हे, या वयात लाड?" दोघंही हसले नाहीत. ते गेल्यावर ताईने मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"त्यांची बोटं गेलीत रे," ती म्हणाली. "बटण हाताला लागत नाही. परवा गरम कप धरून बसले, फोड आला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून टाचणी टोचली, तर कुठल्या बोटाला टोचली ते सांगता येईना."

"औषध?"

"आहे त्याच्यापुढे वाढू नये म्हणून गोळ्या. गेलेलं परत येत नाही म्हणाले." मग तिने माझा हात धरला. "तू तिथे अवाक्षर काढायचं नाहीस. कळलं की प्रेसवरून उठवून पॅकिंगला बसवतील. ते म्हणतात, एकदा ड्रॉइंगवर बाण आला की मला बोटांची गरजच नाही. प्रेसला तर दोन बटणं असतात, दोन्ही हातांनी दाबल्याशिवाय ती खाली येत नाही. तेवढं मला जमतं. तुझ्याच्याने तो बाण होईल का रे?"

आता आली का पंचाईत? बाण लवकर हवा तर कारण सांगायला हवं. कारण सांगावं तर ज्या प्रेससाठी बाण हवा, ती प्रेसच जाणार. मी दुसऱ्याच दिवशी बघूसाहेबांच्या खोलीत गेलो. "एवढं काय नडलंय?" त्यांनी विचारलं. मी मूग गिळून उभा राहिलो. "बघू," ते म्हणाले. त्याच आठवड्यात भावोजींनी आयुष्यात पहिल्यांदा लेखी अर्ज दिला. चौकटीच्या कागदावर, पट्टी धरून काढलेला चौकोन, खाच आणि बाण. अक्षर कोंबडीचे पाय, पण बाण इतका सरळ की माझी नोकरी जावी. मी त्यावर तारीख घालून तो फाइलला लावला आणि फाइल वर पाठवली. फाइल तिथेच भिजत पडली.

बोटांनी दगा दिला तरी भावोजी गप्प बसणारे नव्हते. त्यांनी दोऱ्याचं टोक दातांत धरायला सुरुवात केली. शीटवर वाकायचं, मान हळूहळू मागे घ्यायची, तुकडा शीटवरून ओढला जायचा. आडवा जात असला की ती कर्र-कर्र दोऱ्यातून दातांत चढायची. मला सांगताना डोळे चमकत होते. "अगदी दाढेपर्यंत कळतं," म्हणाले. "बोटांपेक्षा बेस!" शेडमधले टवाळ म्हणू लागले, की मास्तर आता शीट चावून बघतात. ते म्हणाले, म्हणू देत. दहा महिने एक तुकडा चुकला नाही.

मग गिऱ्हाइकाकडून तपासणीला एक बाई आल्या. डोक्याला पांढरी टोपी, हातात फळी, फळीवर कागद. बघूसाहेब त्यांच्या पुढे-पुढे करत होते. हिरवी फिल्म बाहेर निघाली, वा वा झालं, फिल्म आत गेली. मग त्या शेडमध्ये आल्या आणि प्रेसपाशी थबकल्या. भावोजी शीटवर ओणवे, दातांत दोरा.

"हे काय करताहेत?"

बघूसाहेबांचा चेहरा पडला. "जुनी सवय हो," ते म्हणाले. "जुनी माणसं."

"औषधाच्या मशीनला जाणारा माल आहे हा. तोंडाजवळ नेता?" बाईंचं काही चुकलं नाही, मीही त्यांच्या जागी असतो तर हेच विचारलं असतं. पण उत्तर देऊ शकणारी तिथे दोनच माणसं होती, एक मी आणि एक ते, आणि आमची दोघांचीही वाचा बसली. बाईंनी कागदावर शेरा लिहिला.

आणि काय सांगू! नऊ वर्षं ज्या माणसाचा हात हलला नव्हता त्याने एका दिवसात रंगाऱ्याकडून पाटी करून घेतली. "मालाला तोंड लावू नये." लाल अक्षरांत. पाटीवर प्रेसकडे बोट दाखवणारा एक बाणसुद्धा होता, चांगला हातभर लांब. तो पाहून मी मुतारीत जाऊन भिंतीला लाथ घातली. पाय दुखला, बाकी काही झालं नाही.

त्या संध्याकाळी मी बघूसाहेबांकडे फिल्म मागितली. "मास्तरांना काय करायचीय ती?" ते म्हणाले. "त्यांच्या बोटांत फिल्म आहे की!" मी भावोजींना म्हटलं, आता सांगून टाका. ते म्हणाले, "एवढी ऑर्डर निघू दे. तोवर बाण येईल. थप्पी सहसा सरळच असते." त्यांच्या तोंडून सहसा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

त्या ऑर्डरचा माल माझ्याच टेबलावर तपासणीला आला. मी मापं घेतली. चाळीस म्हणजे चाळीस, खाच जागेवर, जाडी बरोबर. दिशा तपासायचा रकाना आमच्या कागदात नाही, कारण ड्रॉइंगवर बाण नाही. तरी मी चार-सहा तुकडे हाताने पाहिले, ते ठीक निघाले, आणि मी सही ठोकली. बाराव्या दिवशी गिऱ्हाइकाचं पत्र आलं. चालू मशीनवर झाकणं गळून पडताहेत, तीन पेट्या परत पाठवत आहोत.

बघूसाहेबांनी बैठक बोलावली. ते, मी, भावोजी आणि मागच्या शेडचा मुकादम. टेबलावर परत आलेल्या तुकड्यांचा ढीग आणि त्याच्या बाजूला ड्रॉइंग. बघूसाहेबांनी मला विचारलं, "मापं बरोबर आहेत?"

"आहेत."

"ड्रॉइंगवर दिशा दिलेली आहे?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग माल ड्रॉइंगप्रमाणे आहे! आपली चूकच नाही. तसं लिहून टाका. आणि आता त्या बाणाचं नाव कोणी काढू नका. आता बाण घातला तर आपण चूक कबूल केल्यासारखं होईल. मास्तर, तुम्ही निर्धास्त राहा, तुमच्यावर काही येऊ देणार नाही मी."

मला सुटल्यासारखं वाटलं, हे मी लपवत नाही. प्रेस वाचली होती. ताईला काय सांगायचं ते मी मनात जुळवतही होतो. तेवढ्यात भावोजी म्हणाले, "माल चुकीचा आहे."

"अहो मास्तर, ड्रॉइंगप्रमाणे—"

"ड्रॉइंग राहू द्या. झाकण पडतंय ना? कापला मी." त्यांनी खिशातून दोऱ्याला बांधलेला चुंबकाचा तुकडा काढला, एक शीट पुढे ओढली आणि तुकडा तिच्यावरून आधी उभा आणि मग आडवा सरकवला. "मला हे दोन्ही सारखंच लागतं. वर्ष झालं. आधी दातांनी भागवत होतो, ते तुम्ही बंद केलंत. मग अंदाजाने कापलं. हे चूक झालं, साहेब. पण उद्या माझ्या जागी कोण बसेल, तोही अंदाजानेच कापणार."

बघूसाहेबांनी हात पुढे करून तो तुकडा घेतला आणि शीटवर सरकवला. एकदा असा, एकदा तसा. मग त्यांच्या भुवया वर चढल्या.

"अरे! हे लागतंय की हाताला!"

नऊ वर्षांत त्यांनी त्या शीटला एकदाही हात लावला नव्हता. माझ्या हातात त्या वेळी काही जड नव्हतं हे त्यांचं नशीब.

बाण त्याच दुपारी आला. गिऱ्हाइकाची सही तर तासाभरात आली. वर आणखी कागद, की हे आम्हीच सुचवायला हवं होतं. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बदलाची तारीख आणि बदलाचं कारण असे दोन रकाने असतात. कारणात मी लिहिलं, कटिंग विभागाची मागणी, आणि पुढे भावोजींच्या अर्जाची अकरा महिन्यांपूर्वीची तारीख. बघूसाहेबांनी ते वाचलं आणि त्यावर काट मारली. "ऑपरेटरची चूक, असं लिही," ते म्हणाले. "अर्जाची तारीख कशाला? उगाच प्रश्न निघतील."

मी भांडलो. खरंच भांडलो, आवाज शेडपर्यंत गेला. ते शांतपणे म्हणाले, की मग सही बघू. तिथे मी शेपूट घातली. कोरून-कोरून ते दोन शब्द लिहिले आणि ते ड्रॉइंग भिंतीला टाचून त्याच्याकडे पाठ करून बसलो.

भावोजी आले तेव्हा पॅकिंगचा निळा कोट घालून आले होते. बटणं एक घर चुकून लागली होती. ताई तिथे नव्हती, म्हणजे त्यांची त्यांनीच लावली असणार. ते ड्रॉइंगपाशी गेले आणि कोपऱ्यातलं कारण त्यांनी वाचलं. मी म्हणालो, "भावोजी, मी ते लिहिणार नव्हतो. माफ करा. मला फार राग येतोय, त्यांचा आणि माझाही."

त्यांनी बाणावर बोट ठेवलं आणि खालून वर फिरवलं. कागदावरचं काय, त्या बोटाला आता काहीच लागत नव्हतं.

"सरळ आलाय," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आता कोणाच्या मनात आलं, की हा पुसून टाकू, तर?"

"तर पुन्हा चार सह्या."

"बघूसाहेबांचीसुद्धा?"

"त्यांचीसुद्धा."

"मग काही तो पुसला जात नाही," असं म्हणून भावोजी इतके मोठ्याने हसले की पॅकिंगच्या बायका डोकावून बघायला लागल्या. हसता हसता त्यांनी खिशातला दोऱ्याचा तुकडा काढून माझ्या टेबलावर ठेवला. मला हसू आलं नाही. मी उठलो, त्यांच्या कोटाची बटणं काढली आणि पहिल्यापासून नीट लावून दिली.